न्यूझीलंडचे दक्षिण बेट कॅम्परव्हॅनमधून: दोघांसाठी पंधरा रात्रींच्या प्रवासाची आखणी

नकाशावर न्यूझीलंडचे दक्षिण बेट आटोपशीर दिसते आणि बहुतेकांची आखणी तिथेच फसते. बेटाच्या पाठीच्या कण्यासारखी सदर्न आल्प्सची रांग उत्तर-दक्षिण पसरलेली आहे. ती रस्त्याने ओलांडायची तर हास्ट, आर्थर्स आणि लुईस या तीनच खिंडी आहेत. त्यामुळे दोन ठिकाणांमधले सरळ अंतर साठ-सत्तर किलोमीटरचे असले, तरी गाडीने जायला निम्मा दिवस सहज लागतो. महामार्ग क्रमांक असलेला रस्तासुद्धा बहुतेक ठिकाणी दोनपदरीच असून कधी तलावाच्या, कधी कड्याच्या काठाने वळणे घेत जातो. छोट्या मोटारीला जिथे तीन तास लागतात, तिथे कॅम्परव्हॅनला चार लागतील असे आधीच धरून चालावे. म्हणून हा प्रवास ठरवताना किलोमीटर मोजू नयेत, रात्री मोजाव्यात. आपल्याकडे किती रात्री आहेत आणि त्यांतल्या किती ठिकाणी सलग दोन रात्री राहता येईल, या प्रश्नाचे उत्तर मिळाले की गाडीचा आकार, मार्ग, खर्च आणि सामान हे पुढचे निर्णय त्यामागून आपोआप ठरत जातात.

पुढे दिलेला मार्ग पंधरा रात्रींचा आणि सुमारे २,००० किलोमीटरचा आहे. तो क्राइस्टचर्चला सुरू होऊन तिथेच संपतो. उत्तर बेट त्यात मुद्दामच घेतलेले नाही. उत्तर बेटावरचे वेलिंग्टन ते दक्षिण बेटावरचे पिक्टन या बोटीच्या प्रवासाला सुमारे साडेतीन तास लागतात, आणि गाडी चढवणे-उतरवणे व बंदरापर्यंतचा प्रवास धरला तर त्यात अख्खा दिवस जातो. तीन आठवडे हाताशी नसतील तर दोन्ही बेटे एकाच फेरीत बसवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऋतू आणि कागदपत्रे

डिसेंबर ते फेब्रुवारी हा तिथला उन्हाळा. नाताळनंतर शाळांच्या सुट्ट्या चालू असतात, त्यामुळे त्या काळात गाड्या आणि मुक्कामाच्या जागा अनेक महिने आधी संपतात आणि दरही सर्वांत चढे असतात. दोघांनाच जायचे असेल आणि शाळेच्या वेळापत्रकाचे बंधन नसेल, तर फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचा काळ निवडावा. दिवस पुरेसा मोठा असतो, गर्दी ओसरलेली असते, आणि एप्रिलमध्ये वानाका, क्रॉमवेल आणि ॲरोटाउनच्या परिसरातली झाडे पिवळी-तांबूस होतात. जून ते ऑगस्टमध्ये खिंडींतल्या रस्त्यांवर बर्फ आणि गोठलेल्या पाण्याचा पातळ थर असतो आणि चाकांना साखळ्या बांधाव्या लागू शकतात. हे काम पूर्वी कधी केले नसेल, तर पहिलीच कॅम्परव्हॅन सहल हिवाळ्यात करू नये.

भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांना व्हिजिटर व्हिसा आधी काढावा लागतो. वाहन परवाना इंग्रजीत असेल तर तो चालतो. तसा नसेल तर मान्यताप्राप्त भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. गाडी दोघेही चालवणार असतील, तर दोघांचीही नावे भाडेकरारात लिहिलेली असणे आवश्यक आहे, कारण नाव नसलेल्या व्यक्तीने चालवताना अपघात झाला तर विमा लागू होत नाही.

विमानतळावरची जैवसुरक्षा तपासणी अतिशय काटेकोर असते. खाण्याचा कोणताही पदार्थ, लाकडी किंवा वनस्पतीजन्य वस्तू आणि डोंगरात वापरलेले बूट यांची नोंद आगमनाच्या घोषणापत्रात करावीच. नोंद केलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते, परंतु लपवलेल्या किंवा विसरलेल्या एका सफरचंदासाठीसुद्धा ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड जागेवर होतो. मध नेऊच नये. बुटांच्या तळव्यातली माती निघण्याआधी घरीच घासून काढली, तर तपासणीत बराच वेळ वाचतो.

गाडी पावसाळी दिवस डोळ्यांसमोर ठेवून निवडावी

भाड्याच्या जाहिरातींत गाडीचा मागचा दरवाजा उघडा असतो आणि समोर निळे सरोवर असते. निवड करताना मात्र वेगळे चित्र मनात आणावे: पश्चिम किनाऱ्यावर सकाळपासून धो धो पाऊस लागला आहे, बाहेर पाऊल टाकता येत नाही, आणि दोघांनाही आतच स्वयंपाक करायचा, जेवायचे आणि कपडे वाळवायचे आहेत. त्या दिवशी जी गाडी सुसह्य वाटेल, तीच घ्यावी. ज्यात उभे राहता येत नाही अशी ठेंगणी व्हॅन भाड्याने स्वस्त पडते, इंधन कमी खाते आणि शहरात कुठेही उभी राहते. पण तिच्यात रोज रात्री बसायची जागा मोडून पलंग करावा लागतो आणि सकाळी तो पुन्हा उचलावा लागतो. चार-पाच दिवसांसाठी हे जमते. पंधरा रात्रींसाठी उंच छताची, आत शौचालय असलेली दोन माणसांची गाडी घ्यावी. चार किंवा सहा माणसांची गाडी मात्र केवळ ऐसपैस वाटते म्हणून घेऊ नये. अरुंद पुलांवर आणि क्वीन्सटाउनच्या गल्ल्यांत तिचा त्रास होतो. शिवाय गाडीचे कमाल अधिकृत वजन ३,५०० किलोपेक्षा जास्त असेल, तर खुल्या रस्त्यावर तिची वेगमर्यादा १०० ऐवजी ताशी ९० किलोमीटर होते.

शौचालयाचा मुद्दा केवळ सोयीचा नाही. न्यूझीलंडमध्ये ठरावीक सार्वजनिक जागांवर विनाशुल्क मुक्काम करता येतो, त्याला फ्रीडम कॅम्पिंग म्हणतात. २०२३ च्या कायद्याने त्यासाठीचे नियम कडक केले. गाडीला सेल्फ-कंटेन्ड, म्हणजे पाणी व सांडपाण्याची सोय गाडीतच असल्याचे, प्रमाणपत्र असावे लागते आणि त्यासाठी गाडीत कायमस्वरूपी बसवलेले शौचालय लागते. बाहेर काढून ठेवता येणारा सुटा डबा आता चालत नाही. नव्या नियमांखालील प्रमाणपत्राचे कार्ड हिरव्या रंगाचे असते. गाडी ताब्यात घेताना ते लावलेले आहे आणि त्याची मुदत शिल्लक आहे, हे स्वतः पाहावे. प्रमाणपत्र असले तरी वाटेल तिथे थांबता येत नाही. प्रत्येक स्थानिक परिषदेचे नियम वेगळे असतात आणि जागेवर फलक असतात. ‘नो कॅम्पिंग’ लिहिलेल्या ठिकाणी रात्र काढल्यास ४०० डॉलर किंवा त्याहून अधिक दंड होतो, आणि भाड्याच्या गाडीचा दंड भाडेकरूकडूनच वसूल केला जातो.

भाड्याची तुलना करताना केवळ रोजचा दर पाहू नये. डिझेल गाड्यांना तिथे प्रत्येक किलोमीटरमागे रस्ता-वापर शुल्क द्यावे लागते आणि अनेक कंपन्या ते शेवटी वेगळे लावतात. विम्यात आपल्या वाट्याला येणारी रक्कम, म्हणजे एक्सेस, काही हजार डॉलर असू शकते. ती शून्यावर आणायची असेल तर रोज जास्त पैसे भरावे लागतात, आणि तसे केले तरी छत व गाडीचा तळ यांचे नुकसान कित्येकदा विम्याबाहेरच असते. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड आणि माउंट कुकजवळचा बॉल हट रोड यांवर भाड्याची गाडी नेण्यास बहुतेक करारांत मनाई असते. वानाका आणि क्वीन्सटाउन यांमधला क्राउन रेंजचा रस्ता पूर्ण डांबरी आहे, पण तो १,०७६ मीटर उंचीवर जातो आणि त्याच्या उताराला तीव्र वळणे आहेत. मोठ्या गाडीने तो टाळून क्रॉमवेलमार्गे जावे. अंतर वाढते, पण जीव शांत राहतो.

पहिला दिवस: गाडी ताब्यात घेणे

लांबच्या विमानप्रवासानंतर त्याच दिवशी गाडी घेऊ नये. एक रात्र क्राइस्टचर्चच्या हॉटेलात झोपावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताजेतवाने होऊन जावे. ही रात्र वरच्या पंधरांत धरलेली नाही. गाडीभोवती फिरून प्रत्येक ओरखडा, काचेवरचा प्रत्येक ठिपका, छताच्या कडा आणि टायर यांचा व्हिडिओ घ्यावा. त्यानंतर पाणी कुठून भरायचे, सांडपाण्याची झडप कुठे आहे, शौचालयाची कॅसेट, म्हणजे मैला साठवणारी खालची टाकी, कशी निघते, गॅसचा मुख्य खटका कुठे आहे आणि घरगुती बॅटरी किती भरली आहे हे कुठे दिसते, या पाच गोष्टी कर्मचाऱ्याकडून करून दाखवून घ्याव्यात. आमच्या वेळी एकाने ऐकले आणि दुसऱ्याने फोनवर चित्रीकरण केले. तिसऱ्या रात्री पाण्याचा पंप बंद पडला, तेव्हा त्या चित्रीकरणातच त्याचा फ्यूज कुठे आहे ते सापडले.

पहिल्याच वळसा-चौकात आमचा भांड्यांचा खण उघडला आणि सगळे सामान जमिनीवर आले. त्या दिवसापासून आम्ही निघण्याआधी मोठ्याने बोलून तपासणी करतो: गॅस बंद, छताची खिडकी बंद, खण लॉक, फ्रिजची कडी लागलेली, विजेची तार काढलेली, पायरी आत. एकाने विचारायचे आणि दुसऱ्याने हात लावून उत्तर द्यायचे. एक मिनिटसुद्धा लागत नाही. विजेची तार जोडलेली असताना गाडी पुढे नेली तर नुकसान मोठे होते आणि ते भरूनही द्यावे लागते.

सामान मऊ पिशव्यांत आणावे, कारण कडक सूटकेस ठेवायला दोन माणसांच्या गाडीत जागाच नसते.

पाणी, सांडपाणी आणि वीज

कॅम्परव्हॅन म्हणजे एक लहान घर असते आणि त्याचा नळ, गटार व वीज यांची व्यवस्था रोज आपल्यालाच पाहावी लागते. याची लय पहिल्या दोन दिवसांत बसली की पुढे त्रास होत नाही.

शौचालयाची कॅसेट साधारण १८ ते २० लिटरची असते. दोघांच्या वापरात ती दोन ते तीन दिवसांत भरते, म्हणून भरल्याचा दिवा लागण्याची वाट पाहू नये. ती आणि भांडी धुतलेले सांडपाणी फक्त डम्प स्टेशनवरच रिकामे करावे. ही स्टेशने जवळजवळ प्रत्येक गावात असतात आणि कॅम्परमेट या ॲपवर नकाशासह सापडतात. तिथे दोन नळ असतात: एक कॅसेट विसळण्यासाठी आणि दुसरा पिण्याच्या पाण्यासाठी. त्यांवरचे फलक वाचावेत. हातमोजे घालावेत, आणि पिण्याचे पाणी नेहमी हात स्वच्छ धुऊन, गाडीतल्या स्वतंत्र नळीनेच भरावे. हे काम दोघांत कोण करणार यावर घरोघरी वाद होतात असे ऐकले आहे. पाळीपाळीने केल्यास प्रश्नच उरत नाही.

घरगुती बॅटरी गाडीच्या इंजिनाच्या बॅटरीपेक्षा वेगळी असते. तिच्यावर दिवे, पाण्याचा पंप, फ्रिज आणि फोनचे चार्जिंग चालते. मायक्रोवेव्ह, विजेची किटली किंवा विजेचा हिटर यांना बाहेरची २३० व्होल्टची जोडणी लागते आणि ती हॉलिडे पार्कमधल्या, म्हणजे पैसे देऊन राहायच्या सोयीयुक्त तळावरच्या, पॉवर्ड साइटवर मिळते. म्हणून दर दोन रात्री साध्या जागी काढल्या की तिसरी रात्र पॉवर्ड साइटवर काढावी. त्याच रात्री कपडे धुवावेत, गरम पाण्याने निवांत आंघोळ करावी, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या भराव्यात आणि पाण्याची टाकीही भरून घ्यावी. मधल्या रात्रींसाठी संवर्धन विभागाची, म्हणजे डॉकची, मैदाने उत्तम आहेत; तिथे सोयी मोजक्या असतात, पण जागा बहुधा नदीच्या किंवा डोंगराच्या कुशीत असते.

गॅसच्या शेगडीचा उपयोग गाडी गरम करण्यासाठी कधीही करू नये. बंद जागेत तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो झोपेत जीव घेतो. स्वयंपाक करतानाही एक खिडकी आणि छताची झडप उघडी ठेवावी.

रस्त्यावर

तिथे वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे भारतातून जाणाऱ्यांना दिशेची अडचण येत नाही. अडचण येते ती एकपदरी पुलांची. पश्चिम किनाऱ्यावर असे पूल अनेक आहेत. लाल वर्तुळाच्या फलकावर आपल्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल, तर थांबून समोरच्याला आधी जाऊ द्यायचे; निळ्या चौकोनी फलकावर आपला बाण मोठा आणि पांढरा असेल, तर आपल्याला प्राधान्य असते, तरीही पूल मोकळा असल्याची खात्री करूनच पुढे जावे. मागे गाड्यांची रांग लागली असेल, तर पहिल्याच सुरक्षित रुंद जागी डावीकडे घेऊन त्यांना वाट द्यावी. स्थानिक लोकांना त्याच रस्त्याने कामावर जायचे असते, याची जाणीव ठेवणे हे पाहुण्याचे काम आहे.

दोघांमध्ये एकाने गाडी चालवावी आणि दुसऱ्याने रस्ता पाहावा. नकाशे ऑफलाइन उतरवून ठेवावेत, कारण हास्ट आणि मिलफर्डच्या वाटेवर लांबच लांब पट्ट्यांत मोबाइलला रेंज नसते. आणीबाणीचा क्रमांक १११ आहे. गाडी मागे घेताना सोबत्याने नेहमी खाली उतरावे आणि आरशात दिसेल अशा जागी उभे राहावे. तो दिसेनासा झाला की चालकाने लगेच थांबावे, एवढाच नियम ठरवून घ्यावा. आमच्या अनुभवात प्रवासातली सगळी चिडचिड दोनच वेळांना झाली: गाडी मागे घेताना आणि अंधार पडल्यावर मुक्कामाची जागा शोधताना. पहिलीवर उपाय म्हणजे ठरलेल्या हातखुणा. दुसरीवर उपाय म्हणजे दुपारी चारपर्यंत मुक्कामी पोहोचणे.

मार्ग, रात्रींच्या हिशेबाने

पहिल्या दोन रात्री टेकापोला काढाव्यात. क्राइस्टचर्चपासूनचे सुमारे २२५ किलोमीटर नव्या गाडीचा सराव होण्यास योग्य आहेत. रस्ता आधी सपाट, मग हळूहळू चढणारा आहे. सरोवराच्या काठावरचे दगडी चर्च ऑफ द गुड शेफर्ड १९३५ मधले आहे. हा प्रदेश २०१२ पासून आओराकी मॅकेन्झी आंतरराष्ट्रीय डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे रात्रीचा काळोख जपलेले क्षेत्र, म्हणून राखीव आहे. आकाश निरभ्र मिळेलच असे नाही, म्हणून इथे एकच रात्र ठेवण्यात अर्थ नाही. अमावास्येच्या आसपासची तारीख साधता आली, तर आकाशगंगा सरोवरावर टेकलेली दिसते.

पुढच्या दोन रात्री आओराकी माउंट कुकच्या पायथ्याशी, डॉकच्या व्हाइट हॉर्स हिल मैदानावर. वाटेत पुकाकी सरोवराचे दुधाळ निळे पाणी सोबतीला असते; हिमनद्यांनी दळलेले खडकाचे सूक्ष्म पीठ पाण्यात तरंगत राहते, म्हणून त्याला तो रंग येतो. शिखराची उंची ३,७२४ मीटर आहे. सामान ट्वायझेलमध्ये भरून घ्यावे. हूकर व्हॅलीची पायवाट सर्वांत प्रसिद्ध आहे, पण तिच्यावरच्या झुलत्या पुलाच्या कामामुळे वरचा भाग बंद असू शकतो, तेव्हा डॉकच्या संकेतस्थळावर ताजी स्थिती पाहावी. केआ पॉइंट आणि टास्मान हिमनदीच्या दर्शनाची छोटी चढण हे दोन्ही पर्याय समाधान देणारे आहेत.

पाचवी रात्र लिंडिस खिंडीतून उतरून क्रॉमवेलला. ती केवळ अंतर तोडण्यासाठी आहे.

त्यानंतर ते आनाऊला सलग तीन रात्री ठेवाव्यात आणि त्यांत काटछाट करू नये. इथून मिलफर्ड साउंड ही उंच कड्यांमधली समुद्राची खाडी सुमारे १२० किलोमीटरवर आहे, आणि तिथे वर्षाला सहा हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. एकच दिवस राखून ठेवला तर ढगांशिवाय काही दिसणार नाही, ही शक्यता मोठी असते. आम्ही पहिला दिवस पावसात ते आनाऊलाच काढला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. रात्रभर कोसळलेल्या पावसाने कड्याकड्यावरून शेकडो तात्पुरते धबधबे सुटले होते. कोरड्या दिवशी ते दिसलेच नसते. डिझेलची टाकी ते आनाऊलाच पूर्ण भरावी. वाटेतला होमर बोगदा सुमारे १.२ किलोमीटर लांब आहे. त्याची खोदाई १९३५ मध्ये सुरू झाली आणि १९५४ मध्ये तो वाहनांना खुला झाला. आतला रस्ता उताराचा आहे आणि वर्दळीच्या हंगामात सिग्नलवर एकेका दिशेची वाहने सोडली जातात. तोंडाशी थांबलेल्या गाड्यांवर केआ नावाचे डोंगरी पोपट येतात आणि खिडक्यांचे व वायपरचे रबर कुरतडतात. त्यांना खायला घालू नये. माणसांच्या अन्नाने हे दुर्मीळ पक्षी आजारी पडतात आणि गाड्यांजवळ येऊन जखमीही होतात. सँडफ्लाय या चावऱ्या माशांसाठी मलम आणि पूर्ण बाह्यांचे फिकट कपडे हवेतच.

नववी रात्र क्वीन्सटाउनला, त्यानंतर दोन वानाकाला. इथे फार सांगण्यासारखे नाही. दोन्ही गावे कॅम्परव्हॅनसाठी अडचणीची आणि पायी फिरण्यासाठी सुंदर आहेत, म्हणून गाडी हॉलिडे पार्कमध्येच ठेवावी.

वानाकाहून हास्ट खिंडीमार्गे पश्चिम किनाऱ्याकडे जाताना निसर्ग काही तासांत पालटतो. पिवळ्या गवताच्या टेकड्या मागे पडतात आणि नेच्यांनी गच्च भरलेले ओले अरण्य सुरू होते. बारावी रात्र हास्टला काढली तर ब्लू पूल्ससारख्या थांब्यांना वेळ देता येतो. हास्ट ते फॉक्स ग्लेशियर हे सुमारे १२० किलोमीटर जवळजवळ निर्मनुष्य आहेत, तेव्हा इंधन आणि खाणे सोबत असू द्यावे.

तेरावी आणि चौदावी रात्र फ्रांझ जोसेफला. फ्रांझ जोसेफ आणि फॉक्स या दोन्ही हिमनद्या इतक्या मागे हटल्या आहेत की पूर्वीसारखे चालत त्यांच्या तोंडाशी जाता येत नाही. दरीतून लांबूनच पाहता येतात, बर्फावर उतरायचे तर हेलिकॉप्टर घ्यावे लागते. हवा स्थिर असेल अशा पहाटे फॉक्सजवळच्या मॅथेसन सरोवरावर जावे. डोंगरांचे प्रतिबिंब तेव्हाच सर्वांत स्पष्ट असते. फ्रांझ जोसेफ गावाजवळचा वायहो नदीवरचा पूल मार्च २०१९ मध्ये पुरात वाहून गेला आणि नवा पूल उभा राहीपर्यंत अडीच आठवडे हा महामार्ग तुटलेला होता. पश्चिम किनाऱ्याला दुसरा समांतर रस्ता नाही, म्हणून परतीच्या विमानाआधी किमान एक दिवस मोकळा हवाच.

शेवटची रात्र होकिटिकाच्या समुद्रकिनारी. दुसऱ्या दिवशी सुमारे २४५ किलोमीटरचा रस्ता ९२० मीटर उंचीच्या आर्थर्स पासवरून क्राइस्टचर्चला येतो. १९९९ मध्ये बांधलेला ओटिरा व्हायाडक्ट हा दरीवरचा उंच पूल पश्चिमेकडून चढताना लागतो. चढावर खालचा गिअर ठेवावा, आणि खिंडीपलीकडच्या उतारावरही ब्रेकवर पाय दाबून न ठेवता गिअरनेच वेग आवरावा. गाडी परत करण्याची वेळ बहुतेक कंपन्या दुपारची देतात, म्हणून होकिटिकाहून सकाळी सातला निघावे. शहरात शिरण्याआधी कॅसेट व सांडपाण्याची टाकी रिकामी करावी, डिझेल भरून पावती जपून ठेवावी, आणि किल्ली देण्यापूर्वी पहिल्या दिवशी जसा घेतला होता तसाच व्हिडिओ पुन्हा घ्यावा, किलोमीटरचा आकडा आणि इंधनाचा काटा दिसेल असा.